मवाळ की जहाल? दोन सेफ्टी रेझरची घरच्या घरी तुलना

सेफ्टी रेझर, म्हणजे दोन्ही बाजूंना धार असलेलं एकच सुटं पातं घालायचा रेझर, घ्यायला निघालेला नवा माणूस पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो, "हा मवाळ आहे की जहाल?" टिळक-गोखल्यांच्या काळापासून हे दोन शब्द आपल्या जिभेवर बसलेत, त्यामुळे रेझरला लावायलाही सोपे जातात. पण माझ्याकडच्या तीन रेझरांचंच बघा. पहिला गालावरून फिरतो तेव्हा आत पातं घातलंय की विसरलो अशी शंका येते, आणि तरी दोन हातांत, म्हणजे सगळ्या चेहऱ्यावरून दोनदा फिरवून, दाढी साफ. दुसऱ्याची धार पावलोपावली जाणवते. पहिल्या दिवशी तर मी श्वास रोखूनच दाढी केली होती, पण तोंड धुतल्यावर ना आग, ना लाली. तिसरा जाणवत नाही आणि कापतही नाही. मग त्याच जागी पाच-पाच वेळा फिरवून शेवटी गळा सोलवटतो. आता यातला मवाळ कोणता म्हणायचा?

एका शब्दात उत्तर निघत नाही, कारण एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबलेले आहेत.

पहिला मऊपणाचा. दाढी झाल्यावर कातडीची अवस्था काय? दुसरा उरकाचा. स्वयंपाकघरात एखाद्याच्या हाताला उरक आहे म्हणतो ना, तोच उरक. किती हातांत काम आटोपलं आणि किती काळ टिकलं? तिसरा पात्याच्या जाणिवेचा. रेझर फिरत असताना धार कातडीला किती कळते?

आणि या तिघांची साक्ष वेगवेगळ्या वेळी मिळते. जाणीव कळते हात फिरत असताना. मऊपणा कळतो नंतर, तुरटी लावल्यावर. उरकाचा खरा हिशेब लागतो संध्याकाळी. नवशिका तिन्हींचा निकाल आरशासमोरच लावून मोकळा होतो. धार जाणवली म्हणजे लागली, आणि जाणवली नाही म्हणजे सगळं छान, असं धरून चालतो. खालची पद्धत साधारण तीन आठवडे घेते. वही, पेन, तुरटीचा खडा आणि दोन रेझर एवढंच सामान लागतं.

आधी सुताराचा रंधा आठवा

रेझरच्या डोक्यात काय चालतं हे समजायला रंध्याइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. रंध्याच्या तळातून पातं केसभर बाहेर डोकावतं. सुतार रंधा उलटा धरतो, एक डोळा मिटतो, तळाच्या रेषेत बघतो आणि पातं किती बाहेर आलंय ते ठरवतो. जास्त वाटलं तर ठोकून मागे घेतो. पातं फार बाहेर असलं तर लाकूड ओरबाडलं जातं, फार आत असलं तर रंधा नुसता घसरतो. शिवाय रेषेच्या उलट रंधा मारला की लाकडाचे तुकडे उपटून येतात. दाढीतही उलटा हात मारताना नेमकं हेच होतं.

सेफ्टी रेझरमध्ये रंध्याच्या तळाचं काम दोन भाग मिळून करतात. वर टोपी, खाली कठडा, आणि दोघांच्या मधून पात्याची धार बाहेर येते. पातं स्वतः फार नाजूक असतं. साधारण ४३ मिलिमीटर लांब, २२ रुंद, आणि जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर. एवढा पातळ पत्रा सरळ ठेवला तर लवलवेल, म्हणून टोपी त्याला कमानीसारखं वाकवते. कागदाची पट्टी सरळ धरली तर लोंबते, जरा दुमडून धरली तर ताठ राहते, तसंच.

आता कामाच्या चार गोष्टी.

डोकावणं: टोपी आणि कठडा यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा काढली, तर धार त्या रेषेच्या किती बाहेर आहे? बाहेर असेल तर पात्याची जाणीव जास्त. रेषेवर किंवा आत असेल तर कमी. जाणिवेचा मोठा भाग इथेच ठरतो.

फट: धार आणि कठडा यांच्यातलं अंतर. इथून फेस आणि खुंट आत जातात. उरकावर हिचा परिणाम होतो, पण एकटीचा नाही. रेझरच्या माहितीत बहुतेक वेळा फक्त फटीचा आकडा छापलेला असतो, आणि लोक ०.७ मिलिमीटर विरुद्ध ०.९ मिलिमीटर असं भांडत बसतात. मोठी फट पण धार आत, असा रेझर शांत असू शकतो. छोटी फट पण धार बाहेर, असा रेझर चांगलाच टोचू शकतो.

पकड: पातं धारेच्या किती जवळ दाबून धरलंय? लांबून धरलं तर कडक खुंट लागताच धार थरथरते, आणि ती करकर कातडीला भोगावी लागते. जवळून आवळलं तर तीच धार मुकाट्याने काम करते. मऊपणा हवा असेल तर मी सगळ्यात आधी हीच गोष्ट बघतो.

कोन: धार कातडीला साधारण ३० अंशांत लागावी अशी रचना असते. पण प्रत्येक डोक्याचा आवडता कोन थोडा निराळा. काही रेझर टोपी टेकवून चालतात, म्हणजे हँडल चेहऱ्यापासून लांब. काही कठड्यावर टेकून चालतात, हँडल चेहऱ्याजवळ.

कठड्याच्या जागी कंगव्यासारखे उघडे दात असलेले रेझरही मिळतात. ते सगळे जहाल असतात ही समजूत काढून टाका. दातांमुळे लांब केस आणि फेस सहज आत येतो, इतकंच. बाकी सगळं वरच्या चार गोष्टींवर ठरतं.

पायरी १: जोडी निवडा

वाट्टेल ते दोन रेझर तोलू नका. जितक्या कमी गोष्टी वेगळ्या, तितकं शिकायला सोपं.

जर्मनीतल्या म्यूलेचे आर८९ आणि आर४१ हे दोन रेझर शिकण्यासाठी झकास जोडी आहे. हँडल सारखंच, फक्त डोकं वेगळं. आर८९ ला बंद कठडा, आर४१ ला उघडे दात. आर४१ तेज म्हणून जगभर ओळखला जातो आणि ती ओळख खरी आहे. नवशिक्याने त्याच्यापासून सुरुवात करू नये. त्याच्याशी गाठ पडावी ती शंभरेक दाढ्या झाल्यावर.

जर्मनीतल्याच झोलिंगनचा मर्कुर ३४सी बुटका आणि जाडसर हँडलचा. वजन पाऊणशे ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे हाताने दाबायचा मोह होत नाही. त्याच्यासमोर कॅनडाचा हेन्सन एएल१३ ठेवा. तो ॲल्युमिनियमचा, वजनाने मर्कुरच्या जवळजवळ निम्मा, आणि पातं धारेच्या अगदी जवळ आवळून धरणारा. त्याचं डोकावणं इतकं कमी की पहिल्या दाढीत विश्वास बसत नाही. पकड आणि वजन यांचा फरक या जोडीत हाताला सरळ कळतो. जपानच्या फेदर कंपनीचा स्टीलचा एएस-डी२ सुद्धा असाच अबोल.

एकच रेझर घ्यायचा असेल तर फट बदलता येणारा घ्या. जिलेटने १९५८ मध्ये १ ते ९ आकड्यांचा असा रेझर काढला, ज्याला हौशी लोक 'फॅटबॉय' म्हणतात. तो जुन्या बाजारात मिळतो, पण हौशांनी भाव चढवून ठेवलाय. नव्यांत मर्कुरचा प्रोग्रेस आहे. रॉकवेलचा ६सी किंवा ६एस आहे, ज्यात खालच्या तबकड्या उलटसुलट करून १ ते ६ पायऱ्या मिळतात. टोपी तीच, हँडल तेच, पातं तेच, फक्त तबकडी बदलते. तुलनेसाठी याहून स्वच्छ सोय नाही.

आणि कपाट शोधा. अनेक मराठी घरांत आजोबांच्या ट्रंकेत जिलेटचा जुना टेक पडलेला असतो. हे मॉडेल १९३८ चं. तीन सुटे भाग, बंद कठडा, छोटी फट. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासला की उजळतो. चिंचेने किंवा कडक पावडरीने घासायला जाऊ नका, मुलामा निघेल.

भारतात बनणाऱ्यांत पार्कर सहज मिळतो. त्याच्या काही मॉडेलांत हँडलचं टोक फिरवलं की वरची दोन झाकणं फुलपाखरासारखी उघडतात. सोय छान, पण त्या झाकणांत पातं कधीकधी तिरकं बसतं, ते पुढच्या पायरीत तपासायचं.

पायरी २: पाणी न लावता निरीक्षण

पातं घाला. पात्याला फक्त आखूड बाजूंनी धरायचं, लांब बाजूंना धार असते हे हातघाईत विसरायला होतं. घट्ट करा, मग उजेडाकडे तोंड करून रेझर डोळ्यांच्या रेषेत आडवा धरा. सुताराच्या नजरेने.

दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर आलीय का बघा. एका बाजूला जास्त दिसली तर अर्धा आटा सैल करून पातं मधोमध बसवा आणि पुन्हा आवळा. माझ्या पहिल्या रेझरची एक बाजू गोड आणि दुसरी खवळलेली होती. महिनाभर मी गालाला दोष देत होतो. चूक माझ्या बसवण्यात होती.

डोकावणं बघायला प्लास्टिकची पट्टी घ्या, तिची सरळ कड टोपी आणि कठड्यावर टेकवा. पट्टी दोन्हींवर निवांत टेकली तर धार रेषेवर किंवा आत आहे. पट्टी धारेवर डुगडुगली तर धार बाहेर आहे. पट्टी घासू नका, पातं बोथट होईल. नुसती टेकवायची.

फट मोजायची हौस असेल तर दुचाकीच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला जो फिलर गेज वापरतात तो मागा. रेझर सरळ धरून एकेक पाती सरकवून बघता येते. आकडा वहीत लिहा आणि त्याला फार महत्त्व देऊ नका.

धातूही नोंदवा. स्वस्त ते मध्यम किमतीचे बरेच रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे आणि वर क्रोमचा मुलामा असलेले असतात. मुलामा उडाला की आतला धातू खराब व्हायला लागतो, म्हणून ते पाडायचे नाहीत आणि ओले ठेवायचे नाहीत. स्टील आणि पितळ जास्त टिकतं. दाढी मात्र धातूमुळे चांगली होत नाही, डोक्याच्या रचनेमुळे होते.

पायरी ३: बाकी सगळं बांधून ठेवा

तुलना इथेच फसते. माणूस सोमवारी जुन्या पात्याने घाईत दाढी करतो, रविवारी नवं पातं घालून गरम पाण्याच्या अंघोळीनंतर करतो, आणि दुसरा रेझर भारी म्हणून सांगत सुटतो.

पातं एकाच पाकिटातलं, दोन्ही रेझरांत नवं. कोणतं हे महत्त्वाचं नाही, सारखं असणं महत्त्वाचं. किराणा दुकानात मिळणारं टोपाझ, सेव्हन ओ क्लॉक, विल्किन्सन, किंवा ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्समुळे आपल्याकडे घरोघरी पोचलेलं सुपरमॅक्स, काहीही चालेल. पात्याच्या धारेवर फार पातळ लेप असतात आणि पहिल्या दाढीत त्यांचा वरचा थर थोडा झिजतो. म्हणून पहिल्या दाढीचे गुण धरायचे नाहीत. दुसरी, तिसरी, चौथी धरायची.

साबण किंवा क्रीम एकच. ब्रश तोच. बोअरच्या जड पाण्यात फेस धड होत नाही. तसं पाणी असेल तर दोन्ही वेळी पिण्याचं पाणी वाटीत घेऊन फेस करा. दोन मिनिटं तरी खुंट भिजू द्या. कोरड्या खुंटावर कुठलाही रेझर निर्दयच.

वाढ मोजून घ्या. एका दिवसाच्या दाढीवर सगळे रेझर हुशार दिसतात. मी दर दोन दिवसांनी, त्याच वेळेला करतो. अठ्ठेचाळीस तासांच्या खुंटावर उरकाचं पितळ उघडं पडतं.

चेहऱ्यावर पुटकुळ्या असतील तर त्या बऱ्या होईपर्यंत थांबा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

पायरी ४: चेहऱ्याचा नकाशा

एकदाच करायचं काम. दोन दिवसांची दाढी वाढलेली असताना बोट चारही दिशांनी फिरवा. जिकडे गुळगुळीत लागतं ती सुलटी, जिकडे खरखरतं ती उलटी. वहीत चेहऱ्याचं चित्र काढून बाण काढा. गालावर बाण खाली जातील. गळ्यावर मात्र कंठमण्याच्या एका बाजूला आडवे, दुसऱ्या बाजूला वर, कुठे भोवऱ्यासारखे. "गालावर मऊ, गळ्यावर आग" ही तक्रार रेझरची असतेच असं नाही. पुष्कळदा माणूस गळ्यावर नकळत पहिलाच हात उलटा मारत असतो.

पायरी ५: कोन शोधा

प्रत्येक रेझरला हा मान वेगळा द्यायचा. आधी नुसती टोपी गालाला टेकवा, हँडल जमिनीला समांतर. काही कापलं जाणार नाही. आता छोटे छोटे हात मारत हँडल हळूहळू खाली आणा. एका ठिकाणी खुंट कापल्याचा खसखस आवाज सुरू होईल. तिथे थांबा. तोच त्या रेझरचा कोन. आणखी खाली गेलात तर धार खरवडायला लागते.

पहिल्या रेझरचा कोन दुसऱ्याला लावणं ही तुलनेतली सर्वांत मोठी गफलत. टोपीवर चालणारा हेन्सन जर ३४सी सारखा धरला तर तो कापणारच नाही, आणि तुम्ही लिहाल "उरक नाही".

दाब द्यायचा नाही. कार्ट्रिजवाल्या, म्हणजे पात्यांसकट अख्खं डोकंच बदलायच्या रेझरची सवय असलेल्यांना हे सगळ्यात जड जातं, कारण तिथे दाबल्याशिवाय चालल्यासारखं वाटत नाही. हँडल शेवटाकडे, तीन बोटांत धरा, म्हणजे दाबायला जोरच मिळत नाही. हलका रेझर असेल तर नुसता टेकता ठेवण्यापुरता आधार द्या.

पायरी ६: आठ दाढ्या, मग अर्धा-अर्धा चेहरा

पहिल्या रेझरने चार दाढ्या, मग दुसऱ्याने चार. प्रत्येक वेळी तीनच हात: एक सुलटा, एक आडवा, आणि कातडीला सोसत असेल तर एक उलटा. तिसरा सोसत नसेल तर दोन्ही रेझरांना दोनच. प्रत्येक हातापूर्वी फेस पुन्हा.

पहिला सुलटा हात फिरत असतानाच जाणिवेला १ ते ५ पैकी गुण द्या आणि लगेच लिहा, साबणाच्या हातानेच. नंतर लिहिलं तर निकाल बघून गुण बदलतात, मी स्वतः बदललेत. १ म्हणजे पातं आहे की नाही कळत नाही. ५ म्हणजे सगळं लक्ष धारेकडे लागलंय. जाणिवेची जातही लिहा. एकसारखी, स्वच्छ, "हो, मी इथे आहे" असं सांगणारी जाणीव निराळी, आणि करकर, थरथर, ओढल्यासारखं वाटणं निराळं. पहिलीने बिघडत काही नाही. उलट मला ती आवडते, कारण कुठे काय चाललंय ते समजतं. दुसरीचा अर्थ काहीतरी चुकतंय.

उरकासाठी दोन आकडे. पहिल्या हातानंतर किती खुंट राहिले, आणि शेवटी राहिलेल्या जागांवर किती वेळा परत जावं लागलं. जबड्याचं हाड, हनुवटीखाली, ओठाच्या कडा, याच जागा नेहमी राहतात.

आठ दाढ्या झाल्या की दोन्हींत नवं पातं घालून अर्धा-अर्धा चेहरा करा. डावी बाजू एकाने, उजवी दुसऱ्याने. पुढच्या वेळी बाजू बदला, आणि ही बदली टाळू नका. उजव्या हाताने करणाऱ्याचा एक गाल नेहमी सराईत आणि एक अवघडलेला असतो, शिवाय दोन्ही बाजूंची वाढ सारखी नसते. घरात आधी सांगून ठेवा, नाहीतर मधेच बेल वाजली आणि अर्ध्या तोंडाला फेस लावून दार उघडलं तर दूधवाल्याला खुलासे देत बसावं लागतं.

पायरी ७: तुरटीपुढे हजेरी

आपल्याकडच्या सलूनमध्ये दाढी झाल्यावर तुरटीचा ओला खडा फिरवतात तो रक्त थांबावं म्हणून. तुलनेत तो परीक्षक आहे. धारेने वरची कातडी जिथे जिथे खरवडली गेली, डोळ्यांना दिसो न दिसो, तिथे तुरटी झोंबते. जिथे नाही तिथे नुसतं आवळल्यासारखं वाटतं.

गार पाण्याने तोंड धुवा, खडा ओला करून सगळीकडे एकसारखा फिरवा, आणि मनात तीसपर्यंत मोजा. काहीच नाही तर ०. चुणचुण आली आणि गेली तर १. टिकून राहिली तर २. डोळ्यांत पाणी आलं तर ३. गाल, हनुवटी आणि गळा यांचे गुण वेगळे लिहा, नाहीतर सरासरीत गळा दबून जातो. मग खडा धुऊन कोरडा करून ठेवायचा, आणि चेहराही धुवायचा. अर्धा-अर्धा केला त्या दिवशी तर तुरटी दोन्ही गालांवर एकाच वेळी बोलते, आणि ते ऐकण्यासारखं असतं.

आफ्टरशेव्ह त्या तीन आठवड्यांत नको. सुगंध आणि स्पिरिटची आग तुरटीची साक्ष बुडवते.

पायरी ८: संध्याकाळची फेरी

सकाळी सातला केली असेल तर संध्याकाळी सातला कापसाचा मोकळा बोळा जबड्यावरून उलट्या दिशेने हलकेच ओढा. कापसाचे तंतू अडकले तर खुंट वर आलेत. बोटालाही कळतं, पण दिवसभरात बोटाला सवय होते, कापूस खोटं बोलत नाही. लाल ठिपके, खाज, कॉलरशी घासल्यावर आग, तेही आता लिहा. काहींची कातडी सकाळी गप्प असते आणि दुपारनंतर कुरकुरते.

वही वाचताना

माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेली जोडी अशी: जाणीव १, तुरटी २. पातं जाणवलं नाही तरी कातडी खरवडलेली. कारण शोधायला उरकाच्या रकान्यात जा. तिथे त्याच जागी सहा वेळा गेल्याची नोंद असेल. मवाळ म्हणून घेतलेला रेझर पुष्कळदा असाच कातडी खातो. एकदा कापायचं ते सहा वेळा घासून. अशा वेळी रेझर बदलण्याआधी एक पायरी वरची तबकडी, नाहीतर जास्त तेज पातं लावून बघावं. जपानच्या सेकी गावच्या फेदरचं पातं तेज म्हणून प्रसिद्ध आहे, आणि शांत डोक्यात ते फार शहाण्यासारखं वागतं. तेच पातं आर४१ सारख्या डोक्यात नवशिक्याने घालू नये.

जाणीव ४, तुरटी ०, आणि कापूस संध्याकाळी न अडकता सरकला, तर घाबरू नका. हा उत्तम रेझर आहे, फक्त बडबड्या आहे. दहा दाढ्यांत त्याची बडबड कानाआड होते.

करकर लिहिलीत? आधी आटा पूर्ण आवळला होता का ते बघा, मग कोन उथळ करा, म्हणजे हँडल चेहऱ्यापासून जरा लांब न्या. तरीही थरथर राहिली तर त्या डोक्याची पकडच ढिली आहे, त्याला तुम्ही काही करू शकत नाही. ओढल्यासारखं वाटलं आणि तेही दोन्ही रेझरांत, तर दोष पात्याचा किंवा भिजवण्याचा.

एकाच बाजूला सतत वाईट गुण पडत असतील, रेझर कोणताही असो, तर ती बाजू तुमच्या मनगटाची आहे. कातडी दुसऱ्या हाताने ताणून बघा.

आणि दोन्ही रेझरांचे गुण जवळपास सारखेच आले, तर जो हातात बरा वाटतो तो ठेवा. असं घडतं, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. माझ्या तीन आठवड्यांनंतर बराच महागडा रेझर आणि आजोबांचा टेक यांच्यात तुरटीला फरक सापडला नाही. उरकात नवा पुढे होता, साधारण एका हाताने. घाईच्या दिवशी तो घेतो, रविवारी टेक.

पातं बदलायचं ते आता

रेझर ठरल्यावरच पात्यांचे प्रयोग. आता रेझर बांधून ठेवायचा आणि पातं मोकळं सोडायचं. सगळं काही तेच, फक्त दर चार दाढ्यांनी नवीन ब्रँड. सुट्या पात्यांचं मिश्र पाकीट मिळतं, ते बरं पडतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की वही कोऱ्या कागदाच्या लायकीची उरते.

एवढ्या प्रयोगांत पंधरा-वीस वापरलेली पाती साठतील. ती कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका. ओला-सुका कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईंच्या बोटांना ती लागतात. बिस्किटांचा किंवा तुपाचा छोटा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला पातं जाईल एवढी चीर पाडा, झाकण चिकटपट्टीने कायमचं बंद करा. माझा डबा गेली कित्येक वर्षं भरलेला नाही. भरला की वर मोठ्या अक्षरांत "ब्लेड" असं लिहून घंटागाडीवाल्यांच्या हातात वेगळा द्यायचा.